चित्राची जागा : चित्रपट आणि समकालीन कलेवरील ग्रंथांची मांडणी

चित्रपट आणि समकालीन कला या विषयांवरील सचित्र ग्रंथ तयार करणे हे ग्रंथनिर्मितीतील एक अवघड काम मानले जाते. कादंबरीचा मांडणीकार मजकूर सुवाच्य करतो, त्याला साजेसे मुखपृष्ठ देतो आणि वाचकाच्या वाटेतून बाजूला होतो. चित्रपटावरील किंवा कलेवरील ग्रंथात मात्र लेखक ज्या वस्तूविषयी बोलत असतो ती वस्तू पानावर दाखवावी लागते, आणि ती जशीच्या तशी तेथे आणणे अशक्य असते. चित्रपटाला गती, आवाज आणि काळ असतो. शिल्पाभोवती फिरता येते. मांडणशिल्पाच्या आत जाता येते. कागदावर यांपैकी काही उतरत नाही. उतरते ती एक सपाट, स्थिर, बहुधा लहान केलेली प्रतिमा. ही प्रतिमा किती मोठी छापायची, कोणत्या पानावर घ्यायची, कोणत्या वाक्याजवळ ठेवायची आणि तिच्याखाली काय लिहायचे, हे ठरवणारा माणूस लेखकाच्या प्रतिपादनात थेट हात घालत असतो.

मराठी पुस्तकांच्या श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ व सजावट’ अशी एक ओळ असते. पुस्तक आधीच तयार आहे आणि त्यावर केवळ साज चढवायचा आहे, असे त्यातील ‘सजावट’ या शब्दातून सूचित होते. कवितासंग्रहाच्या बाबतीत हे कदाचित चालून जाईल; दृश्यकलांवरील ग्रंथाबाबत ही समजूत दिशाभूल करणारी आहे. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत या क्षेत्रात जे महत्त्वाचे ग्रंथ निघाले, त्यांतील अनेकांत मांडणीकार सहलेखकाच्या जवळपास पोहोचलेला दिसतो. एका प्रसिद्ध ग्रंथात तर त्याचे नाव लेखकाच्या बरोबरीने छापले गेले.

आर्टपेपरची सक्ती

चित्रे आणि मजकूर यांची ताटातूट मुळात छपाईच्या तंत्रामुळे झाली. खिळ्यांच्या जुळणीवर मजकूर छापला जात असे, त्या काळात छायाचित्रांसाठी हाफटोनचे ठसे करावे लागत. बारीक ठिपक्यांचे हे ठसे साध्या, खरबरीत कागदावर नीट उमटत नसत; त्यांना गुळगुळीत आर्टपेपर लागे. आर्टपेपर महाग. त्यामुळे मजकूर साध्या कागदावर आणि चित्रे आर्टपेपरच्या वेगळ्या फर्म्यावर, असा व्यवहार रूढ झाला. हा चित्रांचा फर्मा पुस्तकाच्या मध्यावर किंवा शेवटी शिवला जाई आणि मजकुरात ‘चित्र क्र. १४ पाहा’ अशी सूचना येई. वाचकाने बोट घालून पाने धरायची, चित्र शोधायचे, परत मजकुराकडे यायचे. मराठीतील कित्येक चरित्रे-आत्मचरित्रे अशाच आठ-सोळा चकचकीत पानांनिशी निघाली आहेत.

चरित्रात ही गैरसोय खपून जाते. कलासमीक्षेत मात्र तिचे परिणाम गंभीर होतात. विधान एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे, अशी स्थिती झाली की वाचक पुरावा तपासत नाही. समीक्षक रेषेविषयी किंवा प्रकाशयोजनेविषयी जे म्हणतो ते मान्य करून पुढे जातो. ऑफसेट छपाईने ही तांत्रिक अडचण दूर केली. एकाच कागदावर, एकाच पानावर मजकूर आणि छायाचित्र छापणे स्वस्तात शक्य झाले. तंत्र बदलले तरी सवय मात्र बरीच वर्षे टिकून राहिली, आणि काही प्रकाशनगृहांत ती अजूनही टिकून आहे.

बाउहाउसमधील प्रयोग

ही सवय मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ऑफसेटच्या प्रसाराच्या कितीतरी आधी झाला. लास्लो मोहोली-नॉज हे हंगेरियन चित्रकार १९२३ मध्ये जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत अध्यापक म्हणून आले. शाळेतर्फे निघणाऱ्या ग्रंथमालेतील आठवा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि मांडला. ‘चित्रकला, छायाचित्रण, चित्रपट’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. अक्षरे आणि छायाचित्रे यांच्या एकत्रित रचनेला त्यांनी ‘टायपोफोटो’ असे नाव दिले. वाक्यात जेथे शब्द अपुरा पडतो तेथे त्याच ओघात छायाचित्राने यावे, ही त्यामागची कल्पना होती.

ग्रंथाच्या शेवटी ‘महानगराची गतिमानता’ या चित्रपटाचा आराखडा आहे. १९२१-२२ मध्ये लिहिलेला हा चित्रपट कधीच चित्रित झाला नाही. मोहोली-नॉज यांनी त्याची पटकथा नेहमीच्या पद्धतीने छापली नाही. जाड काळ्या पट्ट्यांनी पाने विभागली, बाण काढले, लहानमोठ्या टायपांत दृश्यांचे तपशील दिले आणि मध्ये छायाचित्रे बसवली. नजर पानावरून उड्या मारत जाते. कधी अडकते, कधी सरकते. पैशांअभावी पडद्यावर न आलेल्या चित्रपटाची लय कागदावर उमटवण्याचा हा प्रयत्न आज शंभर वर्षांनंतरही ताजा वाटतो. मात्र त्याला एक मर्यादाही आहे. ही पाने पाहताना चित्रपटाचा वेग जाणवतो, पण चित्रपटात नेमके काय घडते हे सांगणे वाचकाला जड जाते. वेग आणि अर्थ यांतील ही ओढाताण चित्रपटविषयक ग्रंथांच्या मांडणीला पुढेही सुटलेली नाही.

आकाराची फसवणूक

कलाग्रंथापुढचा प्रश्न थोडा वेगळा होता. फ्रेंच लेखक आंद्रे मालरो यांचे ‘कल्पनेतील संग्रहालय’ हे पुस्तक १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. छायाचित्रणामुळे जगभरातील कलाकृती प्रथमच एकत्र आल्या, असे त्यांचे प्रतिपादन. ते खरेच आहे. पण एकत्र येताना त्या सगळ्या एका आकाराच्या झाल्या. बोटाएवढी मुद्रा आणि भिंतीएवढे उत्थितशिल्प समोरासमोरच्या पानांवर सारख्याच मापाने छापले गेले, की ती एकमेकांची भावंडे वाटू लागतात. मालरो यांना याची जाणीव होती आणि त्यांना त्यात लाभ दिसत होता. तुलनेच्या दृष्टीने लाभ आहेही. पण चित्राखाली सेंटिमीटरमध्ये दिलेली मापे कोणी वाचत नाही. डोळा पानावरच्या आकारावर विश्वास ठेवतो. म्हणूनच जाणते मांडणीकार एका ग्रंथातील चित्रे परस्परांच्या प्रमाणात छापतात, किंवा निदान एक छायाचित्र असे घेतात, की ज्यात कलाकृतीसोबत खोली, दार किंवा माणूस दिसेल.

‘वेज ऑफ सीइंग’

चित्र आणि वाक्य यांना एका पानावर खऱ्या अर्थाने नांदवले ते १९७२ मधील एका स्वस्त पेपरबॅकने. त्याची पूर्वपीठिका मात्र पॅरिसमध्ये आहे. फ्रेंच चित्रपटकार क्रिस मार्कर हे सय या प्रकाशनसंस्थेत संपादक होते. १९५४ पासून त्यांनी ‘छोटा ग्रह’ अशा अर्थाच्या नावाची देशोदेशींची माहिती देणारी पुस्तकमाला काढली. तिच्यातील प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्या त्या देशातील एका स्त्रीचा चेहरा असे. १९६१ मध्ये त्यांनी आपल्या माहितीपटांची निवेदने ‘कोमांतेर’ या नावाने पुस्तकरूपात आणली. त्यात चित्रपटांतील चौकटी निवेदनाच्या ओळींमध्येच, जेथल्या तेथे बसवलेल्या होत्या. निवेदक सायबेरियातील रस्त्याविषयी बोलतो आणि त्या वाक्याच्या शेजारी तो रस्ता दिसतो.

मार्कर यांना या शेजाराचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ या १९५७ च्या त्यांच्या चित्रपटात याकुत्स्क शहरातील काही दृश्ये लागोपाठ तीन वेळा दाखवली जातात: बस, रस्त्यावर काम करणारे मजूर, समोरून जाणारा एक माणूस. दृश्ये तीच, निवेदन प्रत्येक वेळी निराळे. पहिल्यांदा सोव्हिएत व्यवस्थेची स्तुती, दुसऱ्यांदा तिची निंदा, तिसऱ्यांदा तटस्थ वर्णन. आणि तिन्ही वेळा दृश्ये निवेदनाला साक्ष देतात! छायाचित्राखाली ओळ लिहिणाऱ्या प्रत्येक संपादकाने पाहावा असा हा प्रसंग आहे.

बीबीसीवर जानेवारी १९७२ मध्ये ‘वेज ऑफ सीइंग’ ही चार भागांची मालिका प्रसारित झाली. युरोपीय चित्रकलेकडे पाहण्याची रूढ, भक्तिभावाची दृष्टी तपासून पाहणारे जॉन बर्जर तिचे निवेदक होते आणि माइक डिब निर्माते. त्याच वर्षी बीबीसी आणि पेंग्विन यांनी मालिकेवर आधारित पुस्तक प्रसिद्ध केले. ते ‘तयार करणाऱ्यां’मध्ये बर्जर, डिब, चित्रकार स्वेन ब्लोमबर्ग आणि क्रिस फॉक्स यांच्यासोबत मांडणीकार रिचर्ड हॉलिस यांचे नाव आहे. हॉलिस यांच्यासमोर ‘कोमांतेर’चा आदर्श होता, हे त्यांनीच सांगितले आहे.

पुस्तकाचा पहिला नियम साधा होता. मजकुरात ज्या क्षणी चित्राचा उल्लेख येईल, त्याच क्षणी ते चित्र डोळ्यांपुढे यावे. परिच्छेद तोडावा लागला तरी चालेल, पानाचा समतोल बिघडला तरी चालेल. दूरचित्रवाणीवर निवेदकाने नाव घेताच चित्र दिसते. पुस्तकाने तेच करायचे होते. दुसरा निर्णय अधिक वादग्रस्त ठरण्याजोगा होता. सगळा मजकूर युनिव्हर्स या टंकाच्या ठळक रूपात जुळवला गेला. कृष्णधवल चित्रांच्या काळेपणापुढे नेहमीचा बारीक टायप फिका पडतो आणि चित्र मजकुरावर स्वार होते. ठळक टायपामुळे दोहोंचे वजन सारखे झाले. सलग ठळक टायप वाचताना डोळे शिणतात, हा आक्षेप खोटा नाही. पण पानाकडे पाहताना नजर चित्रावरून वाक्यावर आणि वाक्यावरून चित्रावर ठेच न लागता जाते, हेही तितकेच खरे. मजकुराची सुरुवात तर मुखपृष्ठावरच होते. ग्रंथाचा प्रारंभीचा युक्तिवाद आणि बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रिट यांचे एक चित्र वाचकाला पुस्तक उघडण्यापूर्वीच भेटतात.

सात निबंधांपैकी तीन निबंधांत शब्दच नाहीत. केवळ चित्रे आहेत, तीही बऱ्याचदा चित्रओळीविना. कोणाचे चित्र, कोणत्या साली, कोठे आहे, हे शोधण्यात वाचकाचे लक्ष जाऊ नये आणि त्याने चित्रांच्या परस्परसंबंधाकडे पाहावे, हा त्यामागचा हेतू. जाहिरातीतील स्त्री आणि तैलचित्रातील स्त्री शेजारी ठेवल्या की जे सांगायचे ते सांगून होते. चित्रांची यादी पुस्तकाच्या शेवटी आहे, पण ती अगदी मागे.

या पुस्तकातील मांडणीचा सर्वांत बोलका नमुना व्हॅन गॉगच्या ‘कावळे आणि गव्हाचे शेत’ या जुलै १८९० मधील चित्राशी निगडित आहे. प्रथम चित्र दिसते आणि वाचकाला सांगितले जाते, की हे शेत आहे, त्यावरून पक्षी उडत आहेत. क्षणभर पाहा आणि पान उलटा. पान उलटल्यावर तेच चित्र पुन्हा येते, पण आता त्याच्याखाली हे व्हॅन गॉगचे आत्महत्येपूर्वीचे अखेरचे चित्र असल्याचे लिहिलेले आहे. चित्र तसूभरही बदललेले नसते, तरी ते काळवंडते. चित्रपटात दिग्दर्शक छेद देऊन जे साधतो, ते येथे पान उलटण्याच्या कृतीतून साधले आहे. त्यासाठी पहिले चित्र उजव्या हाताच्या पानावरच पडले पाहिजे. ते डावीकडे गेले असते तर समोरच्या पानावर रहस्य आधीच उघडे पडले असते. म्हणजे हा युक्तिवाद पृष्ठक्रमांकावर अवलंबून आहे.

या प्रसंगाला नंतर एक अनपेक्षित पुस्तीही जोडली गेली. हे व्हॅन गॉगचे अखेरचे चित्र नव्हे, असे आता संशोधक मानतात. तो मान ‘झाडाची मुळे’ या अपूर्ण चित्राकडे जातो. म्हणजे ज्या ओळीने वाचकाची दृष्टी बदलली, ती ओळ वस्तुस्थितीला धरून नव्हती. पुस्तकाचा मुद्दा त्यामुळे दुबळा होण्याऐवजी बळकटच झाला.

स्टिल आणि चौकट

चित्रपटावरील ग्रंथाच्या मांडणीकाराला सुरुवातीलाच एक निवड करावी लागते, आणि सर्वसामान्य वाचकाला तिची कल्पना नसते. पुस्तकांत, नियतकालिकांत ‘चित्रपटातील दृश्य’ म्हणून जे छायाचित्र दिसते ते बहुतेक वेळा चित्रपटातले नसतेच. चित्रीकरणस्थळी स्वतंत्र स्टिल छायाचित्रकार असतो. तो आपल्या कॅमेऱ्याने, आपल्या कोनातून, अनेकदा नटांना पुन्हा उभे करून प्रसिद्धीसाठी छायाचित्रे काढतो. ती स्वच्छ, रेखीव आणि छपाईला सोयीची असतात. याउलट खुद्द चित्रपटाच्या फितीवरून मोठी केलेली चौकट ही प्रेक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेली असते. पण ती धूसर असते. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित करताना एका चौकटीला साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग एवढाच प्रकाश मिळतो. तेवढ्या अवधीत हललेला हात पुसट उमटतो. पडद्यावर हा पुसटपणाच गतीचा आभास देतो, कागदावर तो छपाईतील दोषासारखा दिसतो.

समीक्षकाला कॅमेऱ्याच्या कोनाविषयी बोलायचे असेल तर स्टिल त्याच्या उपयोगाचे नाही, कारण तो कोन चित्रपटात नाही. तरीही सोय, सुबकपणा आणि उपलब्धता यांमुळे अनेक दशके स्टिलच छापली गेली. या प्रथेला मोठा धक्का दिला फ्रान्स्वा त्रुफो यांनी. १९६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हॉलिवूडमध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. हेलन स्कॉट दुभाषी होत्या. मुलाखतीचे पुस्तक व्हायला चार वर्षे लागली. १९६६ मध्ये ते फ्रेंचमध्ये आणि १९६७ मध्ये इंग्रजीत आले. पुस्तकात स्टिल आहेतच, पण महत्त्वाच्या प्रसंगांच्या चौकटी क्रमाने, पट्टीसारख्या मांडल्या आहेत. ‘सायको’मधील न्हाणीघरातील हत्येच्या ४५ सेकंदांसाठी सात दिवस चित्रीकरण झाले आणि कॅमेरा ७० वेळा नव्याने लावावा लागला, असे हिचकॉक मुलाखतीत सांगतात. असा प्रसंग एका स्टिलने दाखवणे व्यर्थ आहे. चौकटींची पट्टी पाहिल्यावरच हिचकॉक यांची भीती अभिनयातून कमी आणि संकलनातून अधिक निर्माण होते, हे वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. पुढे डेव्हिड बोर्डवेल आणि क्रिस्टिन थॉम्पसन यांच्या ‘फिल्म आर्ट’ या १९७९ च्या पाठ्यपुस्तकाने चौकटींचा वापर हा अभ्यासाचा शिरस्ताच करून टाकला.

तरीही प्रश्न संख्येचा उरतो. दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी असतात. त्यांतून पुस्तकात येणार शंभर-दोनशे. त्या निवडणे हे समीक्षेचे काम असले तरी पानाचे मापही त्यात आपला कौल देते. जुन्या चित्रपटांची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद. १५ सेंटिमीटर रुंदीच्या छपाईत ती सुमारे ११ सेंटिमीटर उंच येते आणि उभ्या पानावर छान बसते. सिनेमास्कोपची चौकट २.३५ पट रुंद. तेवढ्याच रुंदीत तिची उंची जेमतेम साडेसहा सेंटिमीटर भरते, आणि जो चित्रपट सर्वांत भव्य तो पुस्तकात सर्वांत चिंचोळा होतो. मोठी करावी म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर पसरली तर मधोमध असलेला चेहरा शिवणीच्या खाचेत बुडतो. यावर उपाय म्हणून काही प्रकाशक आडव्या आकाराचे ग्रंथ काढतात. ते कपाटात मावत नाहीत, ही तक्रार ग्रंथपालांनी करावी आणि प्रकाशकांनी ऐकून सोडून द्यावी, असा रिवाज आहे.

चौकटींनाच सर्वस्व मानणारा ग्रंथ म्हणून जर्मन प्रकाशनसंस्था टॅशेनच्या २००५ मधील ‘द स्टॅन्ली कुब्रिक आर्काइव्ह्ज’चा उल्लेख करावा लागेल. अ‍ॅलिसन कॅसल यांनी संपादित केलेल्या या महाकाय ग्रंथाच्या पहिल्या भागात कुब्रिक यांच्या चित्रपटांच्या चौकटी मजकुराविना, क्रमाने येतात. पटकथेची टिपणे, पत्रे, वेळापत्रके ही सामग्री दुसऱ्या भागात आहे. पहिल्या आवृत्तीसोबत ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या ७० मिलिमीटर फितीचा एक तुकडाही दिला होता. पुस्तकाने अखेर खरी फीतच आणून द्यावी, यात थोडा पराभवाचा स्वीकार आहे आणि थोडी विक्रीची हुशारीही. चार वर्षांनी त्याच प्रकाशकाने कुब्रिक यांच्या न झालेल्या ‘नेपोलियन’ चित्रपटावर ग्रंथ काढला. त्याची मांडणी पॅरिसच्या एम/एम या मांडणीकार जोडीने केली. एका पोकळ जाडजूड ग्रंथाच्या आत लहान पुस्तके बसवलेली, आणि प्रती अवघ्या १,०००. चित्रीकरणासाठी पाहिलेल्या स्थळांची सुमारे १५,००० छायाचित्रे आणि नेपोलियनकालीन चित्रांच्या १७,००० पारदर्शिका कुब्रिक यांनी जमवल्या होत्या. येथे चौकट उपलब्ध असण्याचा प्रश्नच नव्हता. तयारीची कागदपत्रे हाच चित्रपट.

फीत नष्ट झाली की स्टिलचे मोल बदलते, याचा अनुभव भारतीय चित्रपटाच्या अभ्यासकांना चांगलाच आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती काही स्टिल आणि जाहिराती. त्यामुळे त्यावरील कोणत्याही ग्रंथात चौकट छापता येत नाही, आणि जे छापले जाते ते चित्रपटातील दृश्य नसून प्रसिद्धीचे छायाचित्र आहे, हे चित्रओळीत सांगणे भाग आहे. बहुधा ते सांगितले जात नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९१३ च्या या चित्रपटातील म्हणून ज्या चौकटी सर्रास छापल्या जातात, त्या फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीतील आहेत, असे चित्रपट-इतिहासकार वीरचंद धरमसी यांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर शाळेच्या पुस्तकापासून जाडजूड ग्रंथांपर्यंत एक चुकीची चित्रओळ अनेक वर्षे बिनबोभाट छापली जात आहे. याकुत्स्कच्या रस्त्याची येथे आठवण व्हावी.

या संदर्भात मार्कर यांच्याच ‘ला जेते’ या १९६२ च्या चित्रपटाचे उदाहरण विलक्षण आहे. सुमारे २८ मिनिटांचा हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. कागदावर आणायला याहून सोपा चित्रपट नाही, असे वाटावे. न्यूयॉर्कच्या झोन बुक्सने १९९२ मध्ये तो पुस्तकरूपात प्रसिद्ध केला. मांडणी कॅनडाचे ब्रूस माउ यांची. छायाचित्रे क्रमाने येतात, सोबत फ्रेंच आणि इंग्रजी निवेदन. चित्रपटातील एकच क्षण खऱ्या अर्थाने हलता आहे: झोपलेली स्त्री डोळे उघडते आणि पापण्या लवतात. अख्खा चित्रपट पुस्तकात मावला, तेवढा तो क्षण बाहेर राहिला.

परवानगीचा खर्च

मांडणीवर आणखी एका गोष्टीचा दाब असतो, आणि तिची चर्चा क्वचितच होते. प्रत्येक चित्राला मालक असतो. भारतात चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. १९५७ च्या कायद्यात समीक्षा व परीक्षणासाठी योग्य वापराची मुभा आहे. अमेरिकेतही चित्रपट-अभ्यासकांच्या संघटनेने १९९३ मध्ये अहवाल काढून चौकटींच्या अभ्यासपूर्ण वापराचे समर्थन केले. तरी खटल्याच्या धास्तीने प्रकाशक परवानगी मागतात, शुल्क भरतात, आणि शुल्क परवडले नाही की चित्र गाळतात. मांडणीत एखाद्या पानावर अकारण मोकळी जागा दिसली किंवा विश्लेषण एका चित्राचे आणि छापलेले दुसरेच असे आढळले, तर दोष नेहमी मांडणीकाराच्या अभिरुचीचा असतो असे नाही.

ग्रंथ हेच प्रदर्शन

समकालीन कलेच्या बाबतीत १९६० नंतर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. कलाकृती म्हणजे भिंतीवरची वस्तू, ही कल्पना अनेक कलावंतांनी सोडून दिली. कोणी कल्पना लिहून ठेवू लागले, कोणी काही तास टिकणारी कृती करू लागले. अशा वेळी ग्रंथ हा कलेचा एकमेव साक्षीदार उरतो, किंवा स्वतःच कलाकृती बनतो. अमेरिकी कलावंत एड रूशे यांनी १९६३ मध्ये ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ हे पुस्तक काढले. सव्वीस पेट्रोलपंपांची साधी, कृष्णधवल छायाचित्रे आणि खाली ठिकाणांची नावे, एवढाच ऐवज. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ४००. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे पुस्तक संग्रही ठेवण्यास नकार दिला, तेव्हा रूशे यांनी त्या नकाराचीच जाहिरात एका कलाविषयक नियतकालिकात छापली.

न्यूयॉर्कमधील कलासंयोजक सेथ सीगेलॉब यांनी १९६८ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. कार्ल आंद्रे, सोल लविट, लॉरेन्स वायनर अशा सात कलावंतांना त्यांनी प्रत्येकी २५ पाने दिली आणि त्या पानांपुरतेच काम करण्यास सांगितले. दालन नाही, उद्घाटन नाही. पुस्तक हेच प्रदर्शन. ‘झेरॉक्स बुक’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. मात्र प्रत्यक्षात ते झेरॉक्स यंत्रावर काढलेले नाही. हजार प्रतींसाठी ते फार महाग पडत असल्याने ऑफसेटवर छापले गेले. छायाप्रतीचे नाव घेऊन छापखान्यात तयार झालेल्या या पुस्तकाला अर्थशास्त्रातला विनोद म्हणावे लागेल.

प्रदर्शनाची माहितीपुस्तिका ही एक वेगळीच अडचण आहे. ती उद्घाटनाच्या दिवशी विक्रीस हवी, म्हणून कित्येक आठवडे आधी छापायला जाते. मांडणशिल्पे तर उद्घाटनाच्या आदल्या रात्री पूर्ण होतात. परिणामी ज्या प्रदर्शनाचे ते पुस्तक, ते प्रदर्शनच त्यात नसते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हाराल्ड झेमान यांनी १९६९ मध्ये भरवलेल्या एका ऐतिहासिक प्रदर्शनात बरीच कामे जागेवर घडणार होती. त्याची पुस्तिका कार्यालयातील फायलीसारखी करण्यात आली. कलावंतांची पाने वर्णानुक्रमे लावलेली, कडेला अक्षरांच्या खाचा, आत पत्रे आणि प्रस्ताव. तयार वस्तूऐवजी विचार चालू असल्याचे तिच्यावरून कळत होते. १९७२ मध्ये कासेल येथील पाचव्या ‘डॉक्युमेंटा’साठी झेमान यांनी नारिंगी रंगाचे कड्यांचे बाइंडर वापरले; त्यावर रूशे यांनी मुंग्यांच्या रांगांतून पाचाचा आकडा काढला होता. अभ्यासकांना हे बाइंडर आवडते. ज्यांना ते उचलून न्यावे लागते त्यांचे मत वेगळे असू शकते.

या परंपरेचा अलीकडचा मानबिंदू म्हणजे डच मांडणीकार इर्मा बूम यांचा ‘शीला हिक्स : वीव्हिंग अ‍ॅज मेटाफर’ हा २००६ मधील ग्रंथ. हिक्स या वस्त्रकलावंत. न्यूयॉर्कमधील त्यांच्या प्रदर्शनात लहान हातमागावर विणलेल्या तळहाताएवढ्या कृती प्रामुख्याने होत्या. मालरो यांच्या वेळचा आकाराचा प्रश्न येथे आपोआप सुटला, कारण कृती मुळातच पानावर मावणाऱ्या होत्या. उरला तो पोताचा प्रश्न. गुळगुळीत कागदावर सुताचा खरबरीतपणा छापता येत नाही. बूम प्रत्येक ग्रंथाचे छोटे हस्तनमुने आधी तयार करतात. पाने हाताने उलटून क्रम, जाडी आणि वजन तपासल्याखेरीज त्या पुढे जात नाहीत. या ग्रंथाचे मुखपृष्ठ त्यांनी पांढरे, उठावाचे ठेवले, आणि पानांच्या तीन कडा सरळ कापून गुळगुळीत करण्याऐवजी विणलेल्या कापडाच्या काठासारख्या खडबडीत करून घेतल्या. २००७ मध्ये लाइपझिग येथील जगातील सुंदर ग्रंथांच्या स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. ग्रंथ बंद असतानाही बोट कडेवरून फिरवले की माग लागतो.